लघु-गुरू

वृत्ते शिकवताना पहिल्या तासाला मी फळ्यावर दोन खुणा काढतो : लघू अक्षराची अर्धचंद्राकृती आणि गुरू अक्षराची आडवी रेघ. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. वीसेक वर्षे हे शिकवत आलो. परंतु एक आणि दोन यांतला फरक अंगाला कसा लागतो, हे मला २०२२ सालच्या दिवाळीनंतर समजले. त्या दिवाळीत मी स्प्लेंडरवरून हिमालयनवर आलो.

स्प्लेंडर २००४ सालची, म्हणजे मी नोकरीत कायम झालो त्या वर्षीची. इंजिन ९७ सीसीचे, वजन एकशे दहा किलोच्या आसपास. तिच्या टाकीवर हीरो आणि होंडा ही नावे अद्याप जोडीने नांदत आहेत. त्या दोन कंपन्यांनी २०१० साली विभक्त व्हायचे ठरवले, हे आमच्या टाकीला कोणी कळवलेले नाही. या गाडीने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहिले, गॅसचे सिलिंडर वाहिले, पाच वर्षे गणपती आणला. मुलगी पुढे टाकीवर, पत्नी मागे आणि हँडलला भाजीची पिशवी, असा आमचा संसार तिच्यावरून वाईच्या गल्ल्यांतून हिंडला. तिच्यावर बसताना 'आपण वाहन चालवतो आहोत' असा विचार कधी मनात आला नाही. चप्पल घालताना तरी तो कुठे येतो?

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि मला हिमालयन हवीशी वाटू लागली. ४११ सीसी, पंधरा लिटरची टाकी, पुढचे चाक एकवीस इंची, वजन १९९ किलो. जवळजवळ लघूचा गुरू. कारण विचारणाऱ्यांना मी सांगत असे की एम.ए.च्या वर्गाला प्रवासवर्णन शिकवतो, आणि स्वतः मात्र घर ते महाविद्यालय एवढाच प्रवास करतो. सहकाऱ्यांनी 'पन्नाशीचा पूर्वरंग' म्हणून थट्टा केली. इंग्रजी विभागातील मित्राने अधिक मर्मी बाण मारला. रॉबर्ट पर्सिग १९६८ साली मुलाला मागे बसवून अमेरिकेत लांबच्या प्रवासाला निघाला आणि त्यावर 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' हे पुस्तक लिहिले. त्याची होंडा ३०५ सीसीचीच होती. "तुला तेवढीसुद्धा लागणार नाही," तो म्हणाला. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. गरज नव्हती, इच्छा होती. आणि आपल्या मध्यमवर्गीय मनाला इच्छेचे समर्थन करता येत नाही, म्हणून ते गरजेची भाषा बोलते. असो.

गाडी घरी आल्याच्या चौथ्या दिवशी पत्नीला मागे बसवून पेट्रोल भरायला गेलो. पंपाबाहेर पडताना उजवीकडे वळत होतो. वेग माणसाच्या चालीएवढा, हँडल पुरते वळलेले. समोर एक सायकलवाला आला आणि अठरा वर्षांच्या सवयीने माझ्या बोटांनी पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेले असताना आणि वेग इतका कमी असताना पुढचे चाक जागच्या जागी रोखले, की गाडीचा सगळा भार वळणाच्या बाजूला कलतो. स्प्लेंडर असती तर मी पाय टेकून तिला सावरली असती. इथेही पाय टेकला. एका अंशापर्यंत गाडी आपली असते. त्याच्या पुढच्या अंशाला ती पृथ्वीची होते. आम्ही दोघेही पडलो. पत्नीच्या उजव्या मनगटाच्या हाडाला चीर गेली. ती प्राथमिक शाळेत शिकवते. तो तिचा खडू धरायचा हात.

रस्त्यापलीकडे ट्रकमधून पोती उतरवणारे हमाल धावत आले. त्यांतल्या एका वयस्क गृहस्थाने आधी पत्नीला सावलीत बसवून पाणी दिले. मी तोवर हँडल धरून गाडी ओढत होतो आणि ती तसूभरही हलत नव्हती. तो जवळ येऊन म्हणाला, "सर, समोरून नका ओढू. पाठ लावा तिला, आन् पायानं उठा." मी गाडीकडे पाठ केली, सीटच्या कडेला कंबर टेकली, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला, आणि बारीक पावले मागे टाकत उठलो. गाडी उभी राहिली. त्याने एक बोटही लावले नव्हते, फक्त ती पलीकडे कलंडू नये म्हणून समोर उभा होता. आयुष्यभर पोती वाहिलेल्या माणसाला पक्के ठाऊक होते, की ओझे हाताच्या बळावर कोणी पेलत नाही.

दवाखान्यात प्लास्टर सुकेपर्यंत पत्नी एकच वाक्य बोलली : "अठरा वर्षांत आपण एकदाही पडलो नव्हतो, हो." नंतर तिने तो विषय काढला नाही आणि गाडीवरही बसली नाही.

मी रविवारी पहाटे महाविद्यालयाच्या मैदानावर विटा मांडून सराव करू लागलो. क्लच अर्धा सोडून धरायचा, वेग आवरायला फक्त मागचा ब्रेक, आणि नजर चाकापुढच्या विटेवर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे न्यायची. पायापाशी पाहिले की गाडी पायापाशीच येते. हळूहळू ध्यानात आले, की हे वजन सर्वकाळ सारखे नसते. थांबताना आणि निघताना ते सगळे अंगावर येते; गाडीने थोडा वेग घेतला की कुठे जाते कळत नाही. मंदाक्रान्तेचे असेच आहे. पहिली चार अक्षरे सलग गुरू, एकेक पाऊल उचलून टाकल्यासारखी. मग पाच लघू अक्षरे अशी धावतात, की मघाचा जडपणा हा त्या धावेचाच आरंभ होता असे वाटावे. हे वृत्त मी इतकी वर्षे शिकवले. त्याचे नाव मैदानावर कळले.

२०२३ च्या फेब्रुवारीत एकटाच वरसईला निघालो. पेण तालुक्यातले हे गाव म्हणजे 'माझा प्रवास' लिहिणाऱ्या विष्णुभट गोडसे यांचे. सामान बांधताना भटजींचीच आठवण होत होती. दोन्ही बाजूंच्या पिशव्या समतोल हव्यात, जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ हव्यात. नाहीतर वळणावर गाडी एका अंगाला ओढते. हे कावडीचेच शास्त्र. पसरणी चढून, महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाट उतरलो. तीव्र वळणांवर ती १९९ किलोंची गाडी आश्चर्य वाटावे इतकी आज्ञाधारक होती. उजवीकडे वळायचे तर उजवी मूठ किंचित पुढे ढकलायची. बाकीचे तिचे ती पाहते. पोलादपूर, महाड करीत दुपारी पेणला पोचलो आणि तिथून वरसईला.

तिथे पाहण्यासारखे काही शोधायला मी गेलो नव्हतो. सावलीत गाडी लावली, चहा घेतला आणि बसून राहिलो. घरचे कर्ज फिटावे म्हणून भटजी १८५७ साली इथून उत्तरेकडे निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार होत्या, तिथे दक्षिणेची आशा होती. वाटेत बंड गाठ पडले, झाशीचा वेढा पाहावा लागला, पुन्हापुन्हा लुबाडले गेले. मिळवायला गेलेले धन हाती राहिले नाही. तरी येताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणली. १९०७ साली छापले गेलेले हे पुस्तक मी दरवर्षी शिकवतो, आणि दरवर्षी झाशीवर भर देऊन कावड दोन वाक्यांत उरकतो.

त्या दिवशी मात्र कावडच डोळ्यांपुढून हलेना. माझ्या गाडीवरच्या दोन्ही पिशव्यांत माझेच कपडे होते. आणि एक गोष्ट लख्ख दिसली. त्या अपघातानंतर मी पत्नीला पुढच्या ब्रेकचे तंत्र सांगितले होते, गुरुत्वमध्य सांगितला होता, सायकलवाल्याची चूक तर दोनदा सांगितली होती. 'माझे चुकले' एवढे मात्र म्हणालो नव्हतो. तिचे प्लास्टर निघून दोन महिने उलटले होते. विटांमधून मी जो सराव करीत होतो, तो त्या दोन शब्दांना वळसा घालण्याचाच होता.

रात्री उशिरा घरी पोचलो. ती जागी होती. हेल्मेट हातात घेऊन उंबऱ्यातच ते दोन शब्द उच्चारले. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हे सांगायला पेणपर्यंत जावं लागलं का तुम्हाला?" मग पानं घ्यायला आत गेली.

त्यानंतर तीन रविवार ती मैदानावर येऊन नुसती पाहत उभी राहिली. चौथ्या रविवारी, मी न विचारता, मागे बसली. दोघांच्या वजनाला पुरावा म्हणून मागच्या स्प्रिंगचा ताण मी आधीच वाढवून ठेवला होता. हे तिला सांगितले नाही. वृत्तशास्त्रात एक नियम आहे : पुढे जोडाक्षर आले आणि त्याचा आघात बसला, की आधीचे लघू अक्षर गुरू होते. अक्षर तेच, पण शेजारी कोण आले त्यावर त्याचे वजन ठरते. विद्यार्थी हा नियम नेहमी विसरतात, आणि मी दरवेळी त्यांना रागावतो. आता जरा कमी रागावतो.

स्प्लेंडर अजून दारात आहे; दूध, दळण तिच्यावरच. गेल्या महिन्यात मुलीला भेटायला आम्ही दोघे हिमालयनवर पुण्याला गेलो. निघताना त्याच पंपावर पेट्रोल भरले. बाहेर उजवीकडे वळताना खांद्यावरची तिची पकड घट्ट झाली. मी पुढच्या ब्रेकवरची बोटे उचलून घेतली आणि पार वळणाच्या टोकाकडे पाहिले.