वेल्डिंग आणि मराठीचा बी.ए.

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. ज्यांनी ज्यांनी चौकशी केली त्यांना एकच उत्तर, हात रिकामा नव्हता. म्हणजे खरोखरच नव्हता. जानेवारीपासून मी वेल्डिंग शिकतोय.

पुण्याच्या भाचीला फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "मामा, तुम्ही मराठीचे बी.ए. ना?" आहेच की. पण मराठीच्या बी.ए.ला बायकोसाठी कठडा करता येऊ नये असं काही विद्यापीठाने म्हटलेलं नाही.

तर मंडळी, कठड्याची गोष्ट अशी. आमचं घर उतारावर आहे. संगमेश्वरात सपाट जागा मुळात किती? शास्त्री आणि सोनवी या दोन नद्यांनी आणि डोंगरांनी उरवली तेवढीच. अंगणातून खाली रस्त्यावर यायला जांभ्याच्या अकरा पायऱ्या. जून उजाडला की त्यांच्यावर शेवाळ धरतं, आणि मग जांभा आणि साबण यात फरक नाही. गेल्या वर्षी सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या पावसाळ्यात ती चार महिने खाली उतरलीच नाही. खिडकीतून भाजी मागवायची, खिडकीतूनच गप्पा. तक्रार एका शब्दाने नाही. तेच मला जास्त लागलं.

कठडा करून घ्यायचा म्हटलं तर सगळे फॅब्रिकेटर गुंतलेले. सध्या कोकणात ज्याला त्याला कौलांवर पत्र्याची शेड हवी आहे. माकडं कौलं ठेवत नाहीत, आणि दरवर्षी कौलं चाळायला माणसं मिळत नाहीत. माझा एक जुना विद्यार्थी या धंद्यात आहे. त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, "सर, मे अखेरीपर्यंत मना हात वर कराय सवड नाय." मग जरा थांबून, मस्करीत, "तुमीच शिका की." तो मस्करी करत होता, मी नव्हतो.

त्याच्या शेडमध्ये मी संध्याकाळी तासभर जाऊ लागलो. पहिला आठवडा नुसता रॉड चिकटण्यात गेला. रॉड लोखंडाला टेकवला की चिकटतो आणि लांब नेला की ज्योत विझते. मधलं अंतर साधारण रॉडच्या जाडीएवढं, आणि रॉड वितळून सतत आखूड होत असतो, म्हणजे हात पुढे नेता नेता खालीही न्यायचा. हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. (जन्माची खोड.) वहीचा काही उपयोग झाला नाही. काळ्या काचेतून एक ठिणगी सोडून काही दिसत नाही. तो म्हणाला, "सर, बगू नका, आयका." आणि खरंच, नीट चाललेल्या वेल्डिंगचा आवाज पत्र्यावर एकसारखा पाऊस पडावा तसा असतो. तड्-तड् तुटक झाला की काहीतरी बिनसलंय. कोकणातल्या माणसाला पावसाचा आवाज शिकवावा लागत नाही. त्या दिवसापासून हात जरा वळू लागला.

करंट किती ठेवायचा, अडीच मिलिमीटरचा रॉड पातळ पाइपला साधारण ७० ते ८० अँपिअरवर का चालतो आणि जास्त झाला तर पाइपला भोक कसं पडतं, हे हळूहळू कळलं. काचेशिवाय क्षणभरही बघायचं नाही. त्रास लगेच होत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. गॅल्व्हनाइज्ड पाइप जाळला तर जस्ताच्या धुराने ताप भरतो. ओल्या अंगाने, ओल्या जमिनीवर मशीनला हात लावायचा नाही. आमच्याकडच्या दमट हवेत रॉडसुद्धा ओल धरतात, ते पापडांसारखे डब्यात जपावे लागतात. हे सगळं त्याने मला जितक्या शांतपणे सांगितलं तितक्या शांतपणे मी कधी वर्गात समास शिकवल्याचं आठवत नाही.

मार्चमध्ये माझा जोड दिसायला छान येऊ लागला. खवल्याखवल्यांचा, एकसारखा. मी खूश. त्याने तो तुकडा घेतला, व्हाइसमध्ये आवळला आणि हातोड्याचे दोन घाव घातले. जोड कडकन तुटला. आत काळी रेघ होती, रॉडवरच्या लेपाची मळी आत अडकलेली. "वरनं रंगोली हाय सर, आतनं धरलेलं नाय."

मला पाबळच्या डॉ. श्रीनाथ कलबागांची आठवण झाली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. झालेला, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेला हा माणूस. नोकरी मुदतीआधी सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी पाबळला गेला आणि तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळलेली मुलं मठ्ठ नसतात, त्यांचं शिकणं हातांतून होतं, असं त्यांचं म्हणणं. मुलांना तिथे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, शेती, सगळं करायला लावत. पुढे आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शाळांतूनही हा अभ्यासक्रम सुरू झाला. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रमाचं काम चालू आहे.

मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मुलांनी करायचं काम नमुन्याचं नव्हे, गावाला खरोखर लागणारं. शिकवायला गावातलेच कारागीर. शाळेत आम्ही निबंध लिहून घ्यायचो, तपासायचो आणि गठ्ठा बांधून कपाटात ठेवायचो. त्या निबंधावर कुणी वजन टाकत नसे. मुलाला आपलं बरं जमलंय की नाही हे आमच्या लाल शाईवरून कळायचं. बाकावर बसायला कुणी येणार आहे हे माहीत असताना त्याचा पाय जोडणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला लाल शाईची वाट बघावी लागत नाही.

माझ्या तुकड्याला तो रोज हातोडा मारत राहिला. पुढे हातोडा त्याने माझ्याच हातात दिला. एप्रिलच्या शेवटी एकदा पट्टी पूर्ण वाकली, दुमडली, पण जोड सुटला नाही. मी आणखी चार केले, चारही टिकले. त्याने काही शाबासकी वगैरे दिली नाही. नुसतं विचारलं, "पाइप कदी आणताव?"

दीड इंची काळा पाइप आणला. कापला, गुण्या लावून उभे खांब आधी टाक्यांवर धरले, मग आलटून पालटून दोन्ही बाजूंनी जोडले. एकाच बाजूने जोडत गेलं तर लोखंड निवताना ओढतं आणि सगळं तिरकं होतं. दोन हात रेडऑक्साइड, वर हिरवा रंग (सौ.ची निवड). २६ मेला खांब सिमेंटमध्ये बसवले.

चार दिवसांनी मी स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं. शेजाऱ्यांची करमणूक झाली. पण माझं लोंबकळणं वेगळं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, सौ. छत्री घेऊन वरच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही पुढे नका येऊ, मला वाट द्या." डाव्या हातात छत्री, उजवा हात कठड्यावर. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय किंचित सरकला आणि सगळा भार त्या हातावर आला. मी कुठला जोड ते मनात मोजत होतो. वरून चौथा. तो मी दुपारच्या उन्हात केला होता, दोनदा घासून परत केला होता. कठडा हलला नाही. तिच्या लक्षातही आलं नसावं. ती खाली पोचली आणि कोळणीशी बांगड्यांच्या भावावरून हुज्जत घालायला लागली.

आता श्रावण चालू आहे. वाडीत बातमी पसरलीय. एकजण झोपाळ्याच्या कड्या जोडून मागायला आले. त्यांना मी स्पष्ट नाही म्हटलं आणि आमच्या विद्यार्थ्याकडे पाठवलं. डोक्यावरून टांगलेलं, पोरं बसणार, रोज हलणार, ते काम माझ्या हातचं नाही, अजून तरी. कुंड्यांचा स्टँड मात्र घेतलाय. पाऊस उघडला की करायचा.