खिशापुरते नादब्रह्म

धारणी ते अमरावती हे अंतर दीडशे किलोमीटरांच्या घरात जाते. परंतु हरिसाल, सेमाडोह, घटांग अशी एकेक गावे मागे टाकीत आणि मेळघाटच्या अरण्यातील वळणांमागून वळणे घेत एस.टी. जेव्हा परतवाड्याच्या सपाटीवर उतरते, तेव्हा प्रवाशाचा जो काळ खर्ची पडलेला असतो, त्याचा जमाखर्च किलोमीटरांच्या भाषेत मांडता येत नाही. या वाटेवर मोबाइलचे नेटवर्क वारंवार अंतर्धान पावते, सबब ज्याला प्रवासात गाणे हवे त्याने ते घरून निघतानाच मेमरी कार्डात भरून घ्यावे, असा आमच्या तालुक्याचा अलिखित दंडक आहे. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि लाउडस्पीकरचे अॅम्प्लिफायर यांच्या दुरुस्तीवर माझा चरितार्थ चालत आला, आणि त्या जिनसा एकामागून एक काळाच्या उदरात गेल्यावर माझ्या मेजावर उरले ते मुख्यतः हेडफोन आणि इअरफोन. ते दुरुस्तीला येतात तसे सल्ल्यालाही येतात. “भाऊ, स्वस्तात चांगला कोन्ता?” हा प्रश्न ज्याला सदैव विचारला जातो, त्याने त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

कंपनीचे नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण स्वस्त मालाचे नमुने वर्षा-सहा महिन्यांत पालटतात आणि एकाच नावाच्या दोन खेपांतील आवाज पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाही. पारख ठरवायची ती ऐकणाऱ्याने काय ऐकावयाचे आहे यावरून. माझ्याकडे येणारा तरुण ‘दणका’ मागतो. परंतु त्याच्या कार्डात असतात काय, तर हिंदी चित्रपटगीते, भजने, लावण्या, आणि होळीच्या दिवसांत कुणीतरी फोनवरच ध्वनिमुद्रित केलेली कोरकू गाणी, ज्यांत ढोलक व बासरी यांच्यापुढे उभे असतात ते माणसांचे कंठच. ज्या संगीताचा प्राण मानवी स्वरात आहे, त्याच्यासाठी हेडफोनची खरी कसोटी मधल्या सप्तकांत लागते. खर्जाचा अतिरेक करणारी वस्तू प्रथम श्रवणी भुरळ घालते; पण ज्या खानावळीत भाजीला चव नसते तिथे तर्री जास्त ओततात, हे वऱ्हाडात कुणाला सांगावे लागू नये.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांपैकी सर्वांत ठळक आकडा सर्वांत निरुपयोगी असतो. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही निरोगी तरुण कानाची ढोबळ श्रवणमर्यादा होय. त्या टप्प्यात आवाज किती डेसिबलांनी वरखाली होतो हे न सांगता नुसती दोन टोके छापणे म्हणजे हद्दीचे दोन दगड दाखवून मधल्या शेताच्या प्रतीविषयी मौन पाळणे होय. याउलट बारीक अक्षरांत दडलेले दोन तपशील मात्र अवश्य वाचावेत. पहिला इम्पिडन्स अर्थात विद्युत्‌रोध: तो १६ किंवा ३२ ओहमांच्या आसपास असला की साधा फोन त्या हेडफोनला सहज वाजवितो, आणि जर्मन सेनहायझर कंपनीच्या एचडी ६०० सारखा ३०० ओहमांचा ख्यातकीर्त हेडफोन कुणी भाच्याने परदेशातून धाडला, तर तो त्याच फोनवर क्षीण वाजून हिरमोड करतो. दुसरा सेन्सिटिव्हिटीचा, एका मिलिवॉटला शंभर डेसिबल किंवा अधिक असे लिहिलेले असल्यास आवाजाच्या मात्रेविषयी चिंता नको.

मग गुणाची परीक्षा कशी करावी? दुकानदार जे झगझगीत गाणे लावून देतो त्यावर करू नये. आपल्याला तोंडपाठ असलेले गाणे आपल्याच फोनमधून लावावे. मी स्वतः तानपुऱ्याची सुरावट लावतो. जवारीतून उठणाऱ्या स्वरांचा सूक्ष्म गुंजारव ज्या हेडफोनमध्ये सलग, रेशमी आणि न टोचणारा ऐकू येतो, त्याच्या हाती पुढचा गायक निर्धास्तपणे सोपवावा; जिथे तो गुंजारव पत्र्यासारखा करकरतो किंवा गोधडीखालून आल्यासारखा वाटतो, तिथे पुढील परीक्षेची तसदी घेऊ नये. दोन नमुन्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा भासेपर्यंत फोन वरखाली करून घ्यावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच सरस वाटतो, ही मनुष्यकर्णाची जुनी खोड आहे. तिचे एक अंग अमेरिकेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच आलेखांत मांडून ठेवले: आवाज लहान असला की कानाला खर्ज विशेष कमी ऐकू येतो. विक्रेते हे आलेख न वाचताही त्यांचा पुरेपूर लाभ घेतात.

येथे एक अवांतर वाटणारी, पण खिशाच्या हिताची गोष्ट नोंदवितो. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी ज्याचे प्रसारण सुरू झाले, त्या ‘गीतरामायणा’ची मूळ ध्वनिमुद्रणे काय, किंवा ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरविलेले जुने नाट्यसंगीत काय, हे सारे एकाच वाहिनीचे, म्हणजे मोनो ध्वनिमुद्रण आहे आणि त्यातील अतितार ध्वनी त्या काळच्या साधनांनी मुळातच टिपलेले नाहीत. जे ध्वनिमुद्रणातच नाही ते दहा हजारांचा हेडफोन कोठून आणणार? उलट तार टोकाला अतिधारदार असलेला महाग नमुना त्या तबकडीची खरखर तेवढी ठळक करून दाखवितो. ज्याच्या संग्रहात त्या काळचे संगीत अधिक आहे, त्याने सौम्य प्रकृतीचा स्वस्त हेडफोन निश्चिंत मनाने घ्यावा.

कानाच्या छिद्रात बसणाऱ्या इअरफोनचा निम्मा आवाज त्याच्या टोकावरील रबरात असतो, असे म्हणण्यास हरकत नाही. रबर आणि कानाची त्वचा यांच्यात केसभर फट राहिली तरी खर्ज निसटून जातो आणि उरतो तो किरटा, चिरका स्वर. “यात बासच न्हाई भाऊ” अशी कैफियत घेऊन जो येतो, त्याला मी खोक्यात तशीच पडून राहिलेली लहान-मोठी रबरे काढायला सांगतो, आणि पुष्कळदा खटला तिथेच निकाली निघतो. दोन्ही कान सारखे असतात हा केवळ समज आहे; उजव्याला मध्यम आणि डाव्याला मोठे रबर लागणे यात काही विपरीत नाही. बसले की नाही हे पाहण्याची रीत अशी: रबर घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व किंचित मागे ओढावी, मग सोडावी, आणि स्वतःशीच दोन शब्द बोलावेत, स्वतःचा आवाज डोक्याच्या आत घुमला की फट मिटली असे समजावे. खोक्यातली रबरे कडक असतील तर मऊ सिलिकॉनची निराळी विकत घ्यावीत. त्यावर केलेला खर्च नव्या इअरफोनवर केलेल्या खर्चापेक्षा अधिक फळ देतो.

आमच्या बसगाड्यांत एक इअरफोन दोघे मिळून वापरतात. एक गोळी याच्या कानात, दुसरी त्याच्या. शहरी लोकांना यात गैर वाटते. पण सोनी कंपनीने १९७९ च्या जुलैत पहिला वॉकमन बाजारात आणला तेव्हा एकट्याने ऐकणे हे शिष्टाचाराला सोडून होईल, या संकोचापोटी अकिओ मोरिता यांनी त्याला हेडफोनच्या दोन जागा ठेवविल्या होत्या आणि संगीत दबवून एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही दिले होते. पुढे जगाने ती सोय टाकून दिली. सेमाडोहच्या बाकावर ती अद्याप शाबूत आहे. अडचण एवढीच की स्टिरिओ गाण्यात काही वाद्ये केवळ डावीकडे वा उजवीकडे असतात, आणि भागीदारांपैकी एकाला सतार मिळते तर दुसऱ्याला मिळत नाही. यावर तोड फोनमध्येच आहे: सेटिंगच्या अॅक्सेसिबिलिटी या कप्प्यात ‘मोनो ऑडिओ’ सुरू केले की दोन्ही बाजूंना पूर्ण गाणे जाते. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली ही तजवीज दोन मित्रांच्याही उपयोगी पडते.

कान बंद करणारा हेडफोन की उघडा, याचा निर्णय मात्र पुण्या-मुंबईच्या सल्ल्याने करू नये. बसमध्ये बंद जातीचा, रबरी बोंडांचा इअरफोन निःसंशय श्रेष्ठ; कारण इंजिनाची घरघर बाहेर राहते आणि गाण्याचा आवाज लहान ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलांना आठवड्याचे ४० तास ही मोठ्या माणसांसाठी मर्यादा सांगितली असून त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलांना मुदत निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलांना जेमतेम पाच तास. ज्याचा इअरफोन सैल बसतो तो इंजिनावर मात करण्यासाठी आवाज वाढवीत जातो आणि ही मर्यादा नकळत ओलांडतो. परंतु चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले वेचायला रानात जाणाऱ्याने असे कान बुजविणे हा शुद्ध अविचार आहे. मोहाच्या फुलांचा लोभ अस्वलालाही तेवढाच असतो, आणि पाचोळ्यातील त्याची चाहूल ऐकू येण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ज्याला रानातही गाणे हवेच, त्याने कानावर नुसता टेकणारा, स्पंजाच्या गादीचा हलका हेडफोन घ्यावा. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ काढून ही उघडी जात रूढ केली. कॉस कंपनीचा १९८४ चा पोर्टा प्रो याच पठडीतला असून अद्याप जवळपास त्याच रूपात विकला जातो. तो आमच्या खिशाला जड आहे, पण त्या घडणीचे स्वस्त नमुने मिळतात, आणि त्यांत आवाज थोडा पातळ असला तरी रान ऐकू येते. त्यातही एक कान मोकळाच ठेवावा, असे माझे मत.

आता तार असावी की नसावी. ब्लूटूथच्या सुट्या गोळ्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे, आणि ते केवळ धंद्यापोटी नाही. एवढ्याशा गोळीत मावणारी बॅटरी दोन-तीन वर्षांत खंगते, ती बदलण्याची सोय बहुतेक कारखाने ठेवीत नाहीत, आणि खिडकीशी बसलेल्याची एक गोळी घटांगच्या वळणावर बाहेर उडाली की उरलेली शोभेची होते. ब्लूटूथ हवेच असेल तर मानेत अडकणारा नेकबँड घ्यावा. त्यात बॅटरीला जागा अधिक, आणि कानातून गोळी निसटली तरी गळ्यात लोंबते. एरवी हजार रुपयांच्या आत जो पैसा ब्लूटूथच्या चिपवर, बॅटरीवर आणि डबीवर विभागला जातो, तो तारेच्या इअरफोनमध्ये पडद्यावर आणि चुंबकावर लागण्याची शक्यता तरी असते. शिवाय ज्या फोनमध्ये एफएम रेडिओ आहे त्यात ही तारच एरिअलचे काम करते. गोल पिन खोचल्याखेरीज तो रेडिओ सहसा लागतच नाही. पुष्कळ नव्या फोनांना मात्र ते गोल भोक नसते, आणि तिथे लागणाऱ्या टाइप-सी जोडतुकड्यांत एक सापळा आहे. काही तुकड्यांत आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारी चिप असते, काहींत नुसत्या तारा. चिपविरहित तुकडा अनेक फोनांवर मुळीच वाजत नाही. विकत घेताना ‘डीएसी’ ही अक्षरे पाहावीत आणि दुकानातच आपल्या फोनला लावून खात्री करावी.

तारेच्या इअरफोनचे मरणस्थान बहुधा एकच: पिनेची मान. खिशात फोन आडवा ठेवला की तिथे तार दुमडते, आतले तंतू एकेक करून तुटतात, आणि एक बाजू आधी येत-जात राहून मग मुकी होते. सोलून पाहिल्यास केसासारख्या तारा लाल, हिरव्या आणि तांबूस दिसतात. लाल उजव्या कानाची, हिरवी डाव्याची, तांबूस दोघांची सामाईक. रंग हा त्यांवरील लाखेचा लेप असतो, आणि पीळ मजबूत राहावा म्हणून मध्ये नायलॉनचा धागा गुंफलेला असतो. नवशिका कारागीर तसाच डाग मारतो आणि तो धरत नाही. तापल्या कथिलाच्या थेंबात टोक बुडवून लेप व धागा जाळावा लागतो, तेव्हा कुठे तांबे उघडे पडते. एक बाजू नुसती मंद झाली असेल तर तार निर्दोष असण्याचाच संभव अधिक, कारण जाळीवर मळ बसलेला असतो. जाळी खाली करून मऊ, कोरड्या ब्रशाने झाडावी, सुई मुळीच घालू नये, आतला पडदा कागदाहून पातळ असतो. हजार-दीड हजारांपर्यंत ज्याचा हात पोहोचत असेल त्याने गोळीपासून तार काढता-घालता येते असा नमुना पाहावा, म्हणजे तार गेली तर तेवढी तार बदलता येते. ज्याचा हात पाचशेच्या पुढे जात नाही त्याने मान जिथे जाड रबराची आणि पिन काटकोनात वळलेली आहे असा तुकडा निवडावा, पावती मागून घ्यावी, आणि फोनभोवती करकचून गुंडाळण्याऐवजी चार बोटांवर सैल वेटोळे करून ठेवावा. ती मान माझ्या मेजावर आलीच, तर नवी पिन बसवायला चहा निवण्याइतका वेळ लागतो.