मंचावरून नाहीसा झालेला स्टालिन : समाजवादी वास्तववादी चित्रे आणि त्यांचे संग्राहक

व्लादिमीर सेरोव्ह या सोव्हिएत चित्रकाराने १९४७ मध्ये लेनिन सोव्हिएत सत्तेची घोषणा करत असल्याचे भव्य चित्र रंगवले. त्यात लेनिनच्या पाठीशी स्टालिन उभा आहे. १९६२ मध्ये सेरोव्हनेच तो प्रसंग पुन्हा रंगवला. मंच तोच, लेनिनही तोच. स्टालिन मात्र नाहीसा झाला होता.

मधल्या पंधरा वर्षांत पुष्कळ घडले होते. १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर प्रहार केला. १९६१ मध्ये स्टालिनचा देह लेनिनच्या समाधिस्थळातून हलवण्यात आला. मग चित्रात तरी तो कसा राहणार?

चित्रकाराला दोष देणे सोपे आहे. परंतु १९३२ च्या पक्षादेशाने स्वतंत्र कलासंघटना बरखास्त झाल्या आणि १९३४ च्या लेखक-अधिवेशनात समाजवादी वास्तववाद हे अधिकृत धोरण ठरले. त्यानंतर मोठ्या चित्रांना गिऱ्हाईक उरले ते जवळजवळ एकच : राज्यसंस्था. काम तीच देई, पारितोषिक तीच देई आणि नको झालेले चित्र तळघरात तीच टाकी. या कलेचा पहिला आणि सर्वांत मोठा संग्राहक म्हणजे स्वतः शासन.

आर्कादी प्लास्तोव्हचे 'सामूहिक शेतावरील उत्सव' (१९३७) अधिक अस्वस्थ करते. अन्नाने वाकलेली मेजे, हसरी माणसे, वर स्टालिनची तसबीर आणि जीवन आता अधिक चांगले, अधिक आनंदी झाल्याची ग्वाही देणारा फलक. अवघ्या चार-पाच वर्षांपूर्वी, १९३२-३३ च्या दुष्काळात, त्याच देशातील लक्षावधी शेतकरी भुकेने मेले होते. प्लास्तोव्ह काही शहरी दरबारी नव्हता. प्रिस्लोनिखा या खेड्यातच तो जन्मला आणि आयुष्यभर त्याच खेड्यातली माणसे रंगवत राहिला. म्हणूनच या चित्राला निव्वळ खोटे म्हणून हातावेगळे करता येत नाही. त्यातले चेहरे खरे आहेत, ऊनही खरे आहे. खोटे आहे ते त्या मेजांवरचे मौन.

सोव्हिएत संघ कोसळू लागला तसे परदेशी व्यापारी चित्रकारांच्या कार्यशाळांत पोहोचले. रेमंड जॉन्सन या अमेरिकी व्यापाऱ्याच्या पुढाकाराने २००२ मध्ये मिनिआपोलिस परिसरात रशियन कलेचे संग्रहालय उभे राहिले. २००५ पासून ते एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. देव नाकारणाऱ्या राज्याची कला चर्चमध्ये, हा योगायोग गमतीचा खरा.

खासगी खरेदीदारांची ओढ साहजिकच कापणी, बर्फ, शाळकरी मुले अशा चित्रांकडे असते. दिवाणखान्यात पुढारी कोण लावणार? 'आम्ही फक्त कला पाहतो, राजकारण नव्हे,' असे म्हणणारा संग्राहकही मग नकळत सेरोव्हचेच काम करतो. नेता गळतो, ऊन उरते. आणि ते ऊन रंगवायला कोणी, कशासाठी सांगितले होते, हा प्रश्नही चौकटीबाहेर जातो.

रशियात बँकमालक अलेक्सेई अनान्येव यांनी २०११ मध्ये मॉस्कोतील जुन्या कापड गिरणीच्या आवारात वास्तववादी कलेचे खासगी संग्रहालय उघडले. २०१७ च्या अखेरीस त्यांची बँक मध्यवर्ती बँकेच्या ताब्यात गेली. २०१९ मध्ये संग्रहालयही बंद झाले.