थर्मोस्टॅट बदलला की ताप उतरतो का?

मागच्या उन्हाळ्यात माझी गाडी तापायला लागली. नेवाशाहून नगरला जाताना इमामपूरचा घाट लागला की काटा वर सरकायचा, एसी बंद करावा लागायचा. एकदा तर घाटातच बॉनेट उघडून उभं राहायची वेळ आली. येणारे-जाणारे ओळखीचे. "काय डॉक्टर, तुमच्या गाडीलाच ताप आला का?" असं एकाने विचारलंच.

पुण्याच्या भाच्याला गाड्यांचा भारी नाद. त्याने फोनवरच निदान केलं आणि औषधही कुरिअरने पाठवून दिलं. कमी तापमानाचा थर्मोस्टॅट. "मामा, तुमच्या गाडीत ८२ डिग्रीचा आहे. हा ७१ चा बसवा, इंजिन थंड चालेल." मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

नेवासा फाट्यावरच्या मिस्त्रींकडे तो घेऊन गेलो. त्यांनी नवा बाजूला ठेवला, गाडीतला जुना काढला आणि शेजारच्या टपरीवरून पातेलं मागवून त्यात उकळायला टाकला. माझ्याकडे थर्मामीटर मागितला. आमचा ताप बघायचा ४२ पर्यंतच जातो, म्हणून लॅबमधला वॉटर बाथचा आणवला. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. पाणी तापलं की ते वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, झडप उघडली की रेडिएटरकडे जातं. ८२ च्या पुढे बारीक फट दिसली, पंचाण्णवच्या आसपास झडप पूर्ण उघडली. म्हणजे जुना व्यवस्थित होता.

"डॉक्टरसाहेब, हा नुसता दरवाजा आहे," मिस्त्री म्हणाले. "७१ ला उघडला काय अन् ८२ ला उघडला काय, घाटात तो सताड उघडाच असतो. पाणी गार करायचं काम रेडिएटरचं. तुमचा रेडिएटर बघा की आधी."

बघितला. जाळीत धूळ, किडे, उसाच्या ट्रॉल्यांमागून चालवताना बसलेला पाचटाचा चुरा. आतून क्षार, कारण कूलंट कमी झालं की मी बोअरचं पाणी ओतत होतो. (किडनी स्टोनच्या पेशंटला पाण्याबद्दल व्याख्यान देणारा मीच.) ७१ चा बसवला असता तर काटा वर जायला दोन-चार मिनिटं जास्त लागली असती, एवढंच. उलट एरवी इंजिन नीट तापलंच नसतं. इंजिन अजून गारच आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, त्यातलं न जळलेलं थोडं ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते.

मिस्त्री बोलत होते आणि मला पंचवीसेक वर्षांपूर्वीची मे महिन्यातली एक दुपार आठवत होती. एमडी होऊन नुकताच आलो होतो. कांदा काढणीवरच्या एका पन्नाशीच्या माणसाला आणलं. अंग भट्टीसारखं, बडबड असंबद्ध. घरच्यांनी पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या देऊन तासभर वाट पाहिली होती. मी काय केलं? पॅरासिटामॉलचंच इंजेक्शन दिलं, कपाळावर ओली पट्टी ठेवायला सांगितली आणि मलेरिया की मेंदूज्वर या विचारात अर्धा तास घालवला. ताप उतरला नाही. मग अंगावर पाणी ओतलं, नगरला पाठवलं. चौथ्या दिवशी ते गेले. तो अर्धा तास माझ्या हिशोबातून अजून गेलेला नाही.

चूक नेमकी काय होती ते सांगतो. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो शरीराचा थर्मोस्टॅट, ३७ च्या आसपास लावलेला. फ्लू, टायफॉइड, मलेरिया अशा आजारांत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तो आकडा वर नेतं, समजा ३९ वर. मग शरीराला ३७ हे थंड वाटतं, हुडहुडी भरते, तुम्ही गोधडी मागता. पॅरासिटामॉल हे रसायन कमी करतं, आकडा खाली येतो, घाम सुटतो, ताप उतरतो. इथे गोळी बरोबर आहे.

उष्माघातात आकडा हललेलाच नसतो. मेंदू "३७, ३७" असंच ओरडत असतो, पण रेडिएटर कमी पडलेला असतो. आपला रेडिएटर म्हणजे कातडीतलं रक्त आणि वाळणारा घाम. एक लिटर घाम वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर! दमट हवेत तो नुसता ओघळतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात १४ माणसं गेली, तेव्हा पारा काही ४५ वर नव्हता, ३८ च्या आसपास होता. अशा वेळी गोळी म्हणजे भाच्याने पाठवलेला ७१ चा व्हॉल्व्ह. वर तापलेल्या लिव्हरवर आणखी भार, तो वेगळाच. "उन्हात जायच्या आधी एक गोळी घेऊन ठेवतो" म्हणणारे पेशंट मला दर उन्हाळ्यात भेटतात. त्या गोळीचा उन्हाला काहीही उपयोग नाही.

म्हणून उन्हात किंवा उकाड्यात असलेला माणूस तापला आणि बरळायला लागला, झोकांड्या जायला लागला किंवा बेशुद्ध झाला, तर ताप मोजत, गोळी शोधत बसू नका. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही असंही समजू नका, कष्ट करणाऱ्याला घाम असू शकतो. १०८ ला फोन करा आणि त्याच वेळी सावलीत नेऊन कपडे काढा, बादलीने सगळ्या अंगावर पाणी ओता, पंखा लावा, नाहीतर पुठ्ठ्याने वारा घाला. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत. नुसती कपाळाची पट्टी पुरत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडी येईपर्यंत थांबू नका, गाडीतही ओतत राहा. सीट भिजली तर भिजू द्या. म्हातारी माणसं, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणारे, पत्र्याच्या खोलीत राहणारे, यांना ऊन न लागताही हे होतं.

गाडीचं म्हणाल तर मिस्त्रींनी रेडिएटर मागून पाणी मारून धुतला, आतून साफ केला, नवं कूलंट भरलं आणि जुनाच थर्मोस्टॅट परत बसवला. घाटात काटा आता मध्यावरच राहतो. ७१ चा व्हॉल्व्ह माझ्या टेबलावर आहे, उन्हाळ्यात पेशंटना समजावताना हातात घेतो. भाच्याला मात्र अजून सांगितलेलं नाही.