बफेलो बिलच्या गावची धाकटी बंदूक

अमेरिकेतले यलोस्टोन पाहायला पूर्वेकडून निघाले, की उद्यानाच्या दारापासून सुमारे ५० मैल अलीकडे कोडी नावाचे गाव लागते. १८९६ च्या सुमारास हे गाव वसविण्यात ज्याचा पुढाकार होता, तो विल्यम कोडी म्हणजेच घोडेस्वारांचे आणि नेमबाजांचे खेळ घेऊन अमेरिका-युरोप हिंडणारा बफेलो बिल. प्रवासी मंडळी येथे रात्र काढतात आणि सकाळी रानगवे पाहायला पुढे निघून जातात. पण बफेलो बिलच्या नावाच्या संग्रहालयात बंदुकांचे एक मोठे दालन आहे; त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. न्यू हेवनच्या विंचेस्टर कारखान्याचा स्वतःचा संग्रह १९७० नंतरच्या दशकात येथे आला. २०१९ साली सारे दालन नव्याने मांडले गेले.

नक्षीदार, सोन्याचे काम केलेल्या बंदुकांपुढे कोणीही थांबेल. ज्याला जुन्या, बारीक नळीच्या रायफलींचे वेड आहे, त्याची नजर मात्र शोधते ती ‘पॉइंट टू टू’. आपल्याकडे एन.सी.सी.त गेलेल्या मुलामुलींना हे नाव ओळखीचे आहे. नळीचे तोंड इंचाचे बावीस शतांश, म्हणजे जेमतेम साडेपाच मिलिमीटर. काडतूस शेंगदाण्याहून फारसे मोठे नाही. अर्थात लहान म्हणून तिला खेळणे समजू नये. माणसाचा जीव तीही घेऊ शकते.

या घराण्यातली नामांकित रायफल म्हणजे विंचेस्टरची १८९० ची. जॉन आणि मॅथ्यू या ब्राउनिंग बंधूंनी ती योजली. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढून पुढे सारली, की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि नवे आत बसते. आपल्या जत्रेत फुगे फोडायला छऱ्याची बंदूक असते ना? तिकडच्या जत्रांत त्या जागी ही रायफल असे. पैसे द्यावेत आणि पत्र्याच्या बदकांवर नेम धरावा. शेतावरच्या घरांतून सशाखारींची शिकारही हिच्यावरच होई. अशा सुमारे साडेआठ लाख रायफली कारखान्यातून बाहेर पडल्या.

मग त्यांतली एखादी चांगल्या स्थितीत सापडणे इतके कठीण का? महागड्या बंदुकीच्या नशिबी मखमलीची पेटी असते, स्वस्त बंदुकीच्या नशिबी पोरांचे हात! शिवाय जुन्या काडतुसांतल्या दारूची राख आणि क्षार ओल धरीत. नळी वेळच्या वेळी पुसली नाही, की आतले पीळदार चर गंजून जात. गंज न आणणारी काडतुसे निघाली १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

म्हणून संग्राहक अशी रायफल हाती आली, की आधी अनुक्रमांक पाहतो. मग ती दोन भागांत सुटते की नाही हे पाहतो. अगदी सुरुवातीच्या सुटत नसत. अमेरिकन कायद्याने १८९८ पर्यंतची बंदूक ‘जुनी’ ठरते, त्यामुळे सालाला मोल आहे. शेवटी तो पोलादावरची मूळ झिलई निरखतो, आणि खरी परीक्षा येथेच होते.

दिवाळी आली, की आपण चिंच लावून पितळेची भांडी लखलखीत करतो. जुन्या रायफलीवर तोच प्रयोग केला, तर तिची किंमत क्षणात उतरते. झिलई नवी दिली, दस्ता घासून गुळगुळीत केला, की बंदूक सुंदर दिसते. पण ती कोणी आणि कशी वापरली, याची खूण पुसली जाते. गंजलेल्या नळीत नवी नळी बसविता येते, मग नेमही पूर्वीसारखा लागतो. तेव्हा ती चालती करावी, की आहे तशी जपावी? या प्रश्नावर संग्राहकांत अजून एकमत नाही. जाणते मात्र बहुधा एवढेच करतात: तेलाचे बोट फिरवतात, कोरड्या जागी ठेवतात आणि हात आवरतात.

दस्त्यावर जेथे गाल टेकून टेकून लाकूड काळवंडले आहे, तेथे कोणाचे नाव कोरलेले नसते. ती जागा तेवढी घासू नये.