फोर्टांतील टांकसाळ व काकूंचा रुपया

मुंबईस गेलेला प्रवासी गेटवे पाहतो, राणीचा बाग पाहतो. परंतु टांकसाळीकडे सहसा कोणी फिरकत नाहीं. बोरीबंदराहून शहीद भगतसिंग मार्गानें दक्षिणेस चालत गेलें, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या उंच इमारतीसमोर ही दगडी, खांबांची वास्तु दृष्टीस पडते. हॉकिन्स नांवाच्या इंजिनियर अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं ती १८२९ च्या सुमारास उभी राहिली. जवळच एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल आहे. तेथील संग्रहांत अकबराची सोन्याची मोहर आहे.

टांकसाळ हा शब्द संस्कृत 'टंकशाला' यावरून आला. पाणिनीनें 'रूप्य' हा शब्द आहत, म्हणजे ठसा ठोकलेल्या, अशा अर्थीं सिद्ध केला आहे. तेव्हां नाणें ओळखावयाचें तें प्रथम त्याच्या ठशावरून, हें उघड आहे. पहारा असल्यामुळें टांकसाळीच्या आंत डोकावतां येत नाहीं. परंतु तिची खूण आपल्या खिशांतच असते. नाण्यावरील सालाखालीं शंकरपाळ्यासारखी चौकट असेल तर तें मुंबईचें, तारा असेल तर हैदराबादचें, वाटोळा ठिपका असेल तर नोएडाचें. आणि कांहींच खूण नसेल तर कलकत्त्याचें.

आम्हांस ही वाट धरावी लागली ती शेजारच्या वृद्ध काकूंमुळें. त्यांच्या डब्यांत १९८५ सालचा एक रुपया निघाला. कोणा अनोळखी गृहस्थानें त्यांस फोनवर सांगितलें कीं, 'एच' अक्षराच्या ह्या रुपयास लाखों रुपये मिळतील. मात्र नोंदणीचे तीन हजार आधीं पाठवावे. नातवाच्या कॉलेजच्या फीसाठीं काकूंनीं तेवढीच रक्कम बाजूस ठेविली होती. "मास्तर, मुंबईस जातच आहांत, तर एवढें विचारून या. तोंवर मी पैसे पाठवीत नाहीं," असें म्हणून त्यांनीं तो रुपया आमच्या हातीं दिला.

रुपया तांबें व निकेल यांच्या मिश्रणाचा, वजनानें सहा ग्रॅम व रुंदीस सव्वीस मिलिमीटर. सालाखालीं 'एच' स्पष्ट होता. त्या सुमारास देशांत नाण्यांची टंचाई असल्यामुळें कांहीं रुपये ब्रिटनमध्यें पाडून आणविले होते. 'एच' ही बर्मिंगहॅम येथील हीटन टांकसाळीची खूण. वेल्समधील लँट्रिसंट येथें पाडलेल्या रुपयावर सालाच्या पहिल्या आंकड्याखालीं चौकट असते, व पुष्कळ लोक त्यास मुंबईचाच समजतात.

फोर्टांत पदपथावर जुनीं नाणीं मांडून बसलेल्या एका विक्रेत्यास आम्हीं तो दाखविला. त्यानें भिंग लावून पाहिलें व म्हटलें, "खूण खरी आहे, गुरुजी. पण सिंहांच्या आयाळी पार झिजल्या आहेत, आणि कोणीतरी चिंच लावून घासलें आहे. असे माझ्यापाशीं पुष्कळ पडलेत. चहापुरते पैसे येतील." पुढच्या दुकानींहि हेंच उत्तर मिळालें. टांकसाळींतून निघाल्यावर हातोहातीं न फिरलेल्या, मूळची झळाळी टिकलेल्या नाण्यास संग्राहक अधिक देतात. देवघरांतील पंचपात्रीप्रमाणें नाणें घासून लखलखीत केलें कीं तें मोल उतरतें. जुनें साल म्हणजे दुर्मिळ नाणें, हाहि समज खोटाच.

परत येऊन काकूंस आम्हीं सर्व सांगितलें. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेला इशाराहि वाचून दाखविला. जुन्या नाण्यांच्या व्यवहारांत बँक पडत नाहीं, शुल्क वा दलाली घेत नाहीं, व कोणासहि तसा अधिकार दिलेला नाहीं, असें तींत स्पष्ट आहे. काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे रुपया तो रुपयाच." तें खरेंच होतें. पंचवीस पैसे व त्याखालचीं नाणीं ३० जून २०११ पासून चलनांतून गेलीं. परंतु हा रुपया अद्यापि चालतो. तीन हजार मात्र नातवाच्या फीस गेले.

वाचकांच्या घरींहि असा डबा असेलच. नाणें पाहावें तें भिंगानें, पुसावें तें मऊ फडक्यानें, व मोल विचारावें तें दोन ठिकाणीं. विकणाऱ्यानेंच घेणाऱ्यास आगाऊ पैसे द्यावे, अशी रीत कोणत्याहि खऱ्या बाजारांत आम्हीं पाहिली नाहीं.