येतांनी इकडूनच ये

आमच्या बुलढाण्याला रेल्वे नाही. कोणाला ही उणीव वाटेल, पण मला त्यात एक सोय दिसते. इथून परमुलखी जाणाऱ्या माणसाला आधी राजूरचा घाट उतरून सुमारे ४५ किलोमीटरवरचे मलकापूर गाठावे लागते. त्यामुळे निरोप घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला विचार करायला चांगला तास-दीड तास मिळतो. या घाटात नवऱ्या मुलींनी डोळे पुसले आहेत आणि नोकरीला निघालेल्या पोरांनी खिशातली पत्रे पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली आहेत. गेल्या वर्षी आमचे भाचेराव हाच घाट उतरून थेट आफ्रिकेला गेले. त्यांच्या प्रवासाची ही हकीकत. मात्र तिच्यात आफ्रिका थोडी आहे आणि बुलढाणा जिल्हा पुष्कळ.

भाचा शेगावला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात. केनियात किटुई म्हणून एक कोरडा मुलूख आहे. तिथे पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या नद्यांच्या पात्रात आडव्या दगडी भिंती घालतात. पुराबरोबर येणारी वाळू भिंतीमागे साठते आणि तिच्या पोटात पाणी राहते. वाळूआड असल्यामुळे ते उन्हाने फारसे उडून जात नाही. पुढे खड्डा करून किंवा पंप लावून काढून घ्यायचे. अशा बांधाच्या कामावर सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून राबायला त्याची निवड झाली होती.

घरात आनंदाला पारावार राहिला नाही. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, शेव आणि चिवड्याच्या तयारीला लागली. पासपोर्ट नागपूरच्या कचेरीकडून आला. मग मुंबईस जाऊन पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागली. या लशीचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि केनियातून परतताना तो आपलेच सरकार मागते. टोचून आल्यावर भाचेराव दहा दिवस घरी मोकळे होते.

त्या दिवसांत मी त्याची तयारी पाहत होतो. बॅगेला २३ किलोंची मर्यादा. पंधरा किलो तर कपडेच होते. त्यांत छातीवर 'स्वयंसेवक' असे मोठ्या अक्षरांत छापलेले पाच सदरे. टेबलावर एक भरलेला अर्ज पडला होता. त्यात प्रश्न होता, 'तुम्ही तिथल्या लोकांना काय देऊ शकाल?' उत्तरादाखल चिरंजीवांनी दीड पान इंग्रजी लिहिले होते. पुढचा प्रश्न, 'तुमच्या स्वतःच्या भागाविषयी सांगा.' त्याखाली दोन ओळी : लोणारचे सरोवर जगप्रसिद्ध आहे. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान आहे.

"एवढंच?" मी विचारले.

"एवढं पुरे की, मामा. तिथं कोण विचारणार आहे?"

मी गप्प राहिलो. मी खेड्यातल्या शाळेचा माजी मुख्याध्यापक. आमच्या शाळेत एकदा शहरातून सेवाभावी मुलामुलींची तुकडी आली होती. पोरे गोड होती. दिवसभर खपून त्यांनी शाळेची भिंत रंगवली, फोटो काढले आणि संध्याकाळी डोळ्यांत पाणी आणून निरोप घेतला. भिंतीला ओल होती. हे गावात कोणालाही विचारले असते तरी कळले असते. पण कोणी विचारले नाही आणि आम्हीही पाहुण्यांचा हिरमोड नको म्हणून बोललो नाही. पावसाळ्यात सगळा रंग पोपडे धरून गळाला. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या दारी सेवेला जाणाऱ्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि थोडी धास्तीही आहे.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला म्हणालो, "चल, शेगावला जाऊन येऊ."

"मामा, तीन वर्षं तिथंच तर आहे मी!"

"तिथं राहतोस रे. एकदा जाऊन तर पाहू."

बुलढाण्याहून खामगावची वाट बोथ्याच्या घाटाने, ज्ञानगंगेच्या अभयारण्यातून जाते. आमच्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग. पैनगंगा बुलढाण्याजवळच उगम पावते, पूर्वेकडे जाते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. घाटाखालची पूर्णा पश्चिमेला वळून तापीला मिळते आणि अरबी समुद्र गाठते. म्हणजे एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले. भाच्याला मात्र त्या दिवशी प्रथमच सांगितले. घाट उतरला की हवा तापते, जमीन काळीभोर होते, आणि कापसासाठी व चांदीसाठी नावाजलेले खामगाव मागे टाकून गाडी शेगावला लागते.

गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळींवरची भाताची शिते वेचून खाताना. ज्या गावाची कथाच टाकलेल्या अन्नापासून सुरू होते, तिथली सेवाही तशीच खालच्या पायरीपासून सुरू होते. पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी गावोगावाहून पाळीपाळीने येतात. वेतन नाही, मानपान नाही. कोणी झाडतो, कोणी वाढतो, कोणी रांग लावतो, आणि समोरच्या प्रत्येकाला 'माऊली' म्हणतो. भाचा दर परीक्षेच्या आदल्या दिवशी दर्शनाला येत असे. पण आपल्याला वाट दाखवणाऱ्या माणसाचे तोंड त्याने कधी पाहिले नव्हते.

दर्शन आणि महाप्रसाद आटोपून आम्ही बाहेर सावलीला टेकलो. शेजारी एक वृद्ध सेवेकरी येऊन बसले. पाळी संपली होती. घाटाखालचेच शेतकरी. मी विचारले, "किती वर्षं येता?"

"मोजले नाई, गुर्जी. इथी आलं का आपलं नाव चपलेसंग बाहेर ठेवा लागते. मंग मोजन कोन?"

भाचा हसला, मग गप्प झाला. त्याला बहुधा छातीवरची अक्षरे आठवली असावीत. मी म्हणालो, "हा आमचा भाचा. आफ्रिकेत चाललाय, पाण्याच्या कामाला."

"पान्याच्या?" म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिले. "आमच्या इहिरीच्या पान्यात डाय शिजत नाई, बापू. तिकडं जाशीन तं जाय. पन आधी एकदा पाहून तं जाय."

शेगावपासून ते गाव फार दूर नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. वर सोन्यासारखी काळी माती, खाली मचूळ पाणी. विहीर पाण्याने भरलेली असते आणि घरात घोटभर गोडे पाणी नसते. संग्रामपूर, जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या विकारांनी घरेच्या घरे काळजीत पडली आहेत. म्हाताऱ्याने विहिरीचे पाणी तांब्यात काढून भाच्यापुढे धरले. त्याने एक घोट घेतला आणि कसाबसा गिळला.

"माही माय नदीच्या वाळूत झिरा उकरून पानी भरे," म्हातारा म्हणाला. "तुमचा तो आफ्रिकेतला बांध म्हंजे झिराच झाला ना?"

भाच्याने मान डोलावली. ज्या विद्येसाठी तो विमानाने चालला होता, तिची धाकटी बहीण इथे वाळूत बसली होती. निघताना म्हाताऱ्याने एवढेच म्हटले, "येतांनी इकडूनच ये."

घरी परतताना भाचा घाटभर बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, "मामा, जाऊ नये असं वाटतं. इथं काय कमी आहे? तिथं कशाला मिरवायला जायचं?"

बहिणीच्या हातातली पळी थांबली. तेव्हा मी त्याला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगितली. शांतारामबापूंचा १९४६ सालचा चित्रपट मी लहानपणी तंबूत पाहिला होता. पण या पिढीला केवळ नाव ठाऊक. १९१० साली जन्मलेला हा तरुण मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकला आणि पुढच्या परीक्षेची तयारी करीत होता. जपानने चीनवर हल्ला केला होता. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांच्या आवाहनावरून बावीस हजार रुपये आणि पाच डॉक्टर उभे राहिले. त्यांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोट मुंबईहून निघाली.

"तेव्हा आपल्याकडे आजार कमी होते? देश तर पारतंत्र्यात होता. तुझा प्रश्न त्यांनाही कोणी विचारलाच असेल."

"मग?"

"गेले आणि तिथले झाले. चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले. सोबतचे परत फिरले, हे राहिले. कॅनडाहून असेच आपणहून आलेले डॉ. बेथून १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, तेव्हा वय अवघं बत्तीस. आज चीनमध्ये त्यांची समाधी आहे आणि सोलापुरात स्मारक. तू कोटणीस हो असं मी म्हणत नाही. सहा आठवड्यांत कोणी होतही नाही. पण ते काय द्यायचं याची यादी करत बसले नाहीत, आधी त्यांची भाषा शिकले. एवढं तुला जमेल."

भाचा उठला तो बॅगेपाशी गेला. छापील सदऱ्यांपैकी चार बाहेर आले, एक राहिला. त्या जागी एक वही गेली. उरलेले दिवस तो मोबाइलवरून स्वाहिली शब्द उतरवून घेत होता. चाय म्हणजे चहाच, चपाती म्हणजे चपातीच आणि गारी म्हणजे गाडी, हे कळल्यावर बहिणीचा जीव भांड्यात पडला. पाण्याला म्हणतात 'माजी'. "म्हणजे मामा, तिकडे तुम्ही पाणी-मुख्याध्यापक!" एवढा विनोद करण्याइतका तो सावरला, तेव्हा मीही निर्धास्त झालो.

जुलैत आम्ही त्याला मलकापूरला गाडीत बसवले. सहा आठवड्यांत तिथे त्याने काय केले म्हणाल, तर दगड वाहिले. भिंत तिथल्याच बाया-बापड्यांनी बांधली. कुठे खडक लागेल आणि कुठे नाही, हे त्यांनाच माहीत होते. याने हातावर घट्टे आणि वहीत दोनशे शब्द आणले.

परतायच्या दिवशी बहीण भाकरतुकडा घेऊन मलकापूरच्या फलाटावर उभी. गाडी आली. भाचा दारातच उभा होता, पण उतरेना. "आई, मी पुढं शेगावला जातो. उद्या येतो घरी!" आणि गाडी सुटलीसुद्धा. बहीण माझ्यावर आठ दिवस रागावली होती.

मी वाटले होते, आता पूर्णेत केनियाचा बांध होणार. पण भाचा दुसऱ्या दिवशी आला तो म्हणाला, "मामा, तो बांध इथं चालणार नाही. त्यांच्या नदीत जाड वाळू येते, या नाल्यांना गाळ आणि काळी माती. जमिनीखालचं पाणी मुळातच खारं. इथं पाऊस जमिनीला लागायच्या आधीच धरावा लागेल."

या उन्हाळ्यात त्या गावच्या शाळेच्या छपराला पन्हाळ लागली आणि खाली टाकी उभी राहिली. पैसे गावाने जमवले, जागा आणि बांधणी गावाची. भाचा आणि त्याचे चार मित्र विटा वाहायला होते. टाकी एक, गाव केवढे, खारपाणपट्टा तर तीन जिल्ह्यांचा. कोणी याला मोठे कार्य म्हणू नये. पण ऑगस्टच्या अखेरीस म्हाताऱ्याचा मला फोन आला. प्रकृतीची विचारपूस नाही, पावसाची चौकशी नाही.

"गुर्जी," ते म्हणाले, "डाय शिजली."